एकच रिंग देऊन बंद झालेला परदेशी मिस्ड कॉल: उलटा फोन लावू नका

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत, किंवा जवळचं कुणी दवाखान्यात आहे, त्यांनी जरूर वाचा.

आई सध्या माझ्याकडे पुण्यात आहे. वय ७१. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, तेव्हा साताऱ्यात दवाखान्यात होती. आईचा सगळा जीव तिकडे. फोन उशाशी घेऊन झोपायची. एका रात्री पावणेतीनला फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. पाचेक मिनिटांनी पुन्हा तसंच. चष्मा जवळ नव्हता. डोळे बारीक करून तिने आकडे पाहिले, ते २१६२ पासून सुरू होत होते. साताऱ्याचा कोड ०२१६२. उभी हयात साताऱ्यात काढलेल्या बाईला ते आकडे ओळखीचे वाटणारच. दवाखान्यातूनच फोन आलाय असं समजून तिने त्याच नंबरवर बोट ठेवलं.

पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली. रात्रीच्या वेळी सिस्टरना फोनपर्यंत यायला वेळ लागत असेल म्हणून ती धरून बसली. मग बंद करून परत लावला. तिसऱ्यांदा एका बाईचा आवाज आला, भाषा कळेना, मधेच गाण्याचा तुकडा वाजला. तेव्हा घाबरून तिने मला उठवलं. मी मावसभावाला फोन केला तर मावशी शांत झोपलेली होती.

बिल आलं तेव्हा उलगडा झाला. आयएसडीच्या, म्हणजे परदेशी कॉलच्या रकान्यात तीन कॉल, मिळून अकरा मिनिटं, साडेसातशेच्या वर आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. नंबर नीट वाचला तर सुरुवातीला अधिकची खूण होती. +२१६, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला ट्युनिशिया. भाऊ दोह्याला असतो म्हणून आईच्या पोस्टपेड नंबरवर आयएसडी चालू ठेवलेलं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, कॉल तुमच्याच फोनवरून लावलेला आहे, आकार भरावाच लागेल.

आई दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्यामुळे भुर्दंड" हेच चाललं होतं. मला ठामपणे वाटतं की यात तिची काहीही चूक नाही. आजारी बहिणीच्या काळजीत कुणीही हेच केलं असतं.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. पहिले दोन्ही कॉल कुणी उचललेच नव्हते, नुसती रिंग वाजत होती. मग त्याचे पैसे कसे लागले? जाणकारांनी सांगावं.

ट्रंकलाइन

ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, सगळी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेली. आधी आईंना माझा नमस्कार सांगा आणि चूक त्यांची नाही हे माझ्याकडूनही सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की ती रिंग खरी नव्हती. पलीकडे माणूस नाही, यंत्र असतं. ते पहिल्या क्षणालाच कॉल उचलतं आणि रिंगचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवत राहतं. आपल्याला वाटतं अजून लागायचाय. तिकडून 'उचलला' असा सिग्नल आला की आकार सुरू, मग कानात रिंग ऐकू येवो नाही तर गाणं. जेवढा वेळ तुम्ही धरून बसाल तेवढी त्यांची कमाई.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. कॉल लागला की मोबाईलच्या पडद्यावर सेकंद धावायला लागतात, ००:०१, ००:०२ असे. कानात रिंग वाजतेय आणि पडद्यावर सेकंद पळताहेत, असं दिसलं की तत्क्षणी फोन बंद करा. पूर्वी एसटीडी-पीसीओच्या बूथवर यावरूनच वाद व्हायचे. गिऱ्हाईक म्हणायचं लागलाच नाही, आणि मीटरवर लाल आकडे पडलेले असायचे.

आता पैसे जातात कुठे ते सांगतो. तुम्ही बिल भरता तुमच्या कंपनीकडे. ती त्यातला भाग कॉल पुढे नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय कंपनीला देते, ती त्याच्या पुढच्या कंपनीला. कॉल ज्याच्या जाळ्यात जाऊन उतरतो त्याला दर मिनिटामागे ठरलेली रक्कम मिळते. त्याला टर्मिनेशन चार्ज म्हणतात. काही देशांचा हा दर आपल्या मानाने खूप चढा असतो. फसवणारे अशा ठिकाणच्या नंबरांची मालिकाच घेऊन ठेवतात, आणि त्यांचा करार असा असतो की या नंबरांवर जेवढी मिनिटं येतील त्यात त्यांचा वाटा. मग यंत्राने जगभर हजारो फोन फिरवायचे, एक रिंग द्यायची आणि तोडायचं. तुम्ही उचलायच्या आत तोडलं म्हणजे त्यांना खर्च जवळजवळ शून्य. उलटे फोन थोडे आले तरी ती सगळी कमाईच.

आणखी एक. तो कॉल खरोखर ट्युनिशियात पोचला असेलच असं नाही. पुष्कळदा मधलीच कुणीतरी कंपनी तो अडवून स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेते. त्या देशाचं नाव तेवढं वापरलेलं असतं.

गोदातीर

कृष्णाकाठ, तुमच्या आईंना २१६२ साताऱ्याचा वाटला हे वाचून मी जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढून बसले. पहिल्या पानांवर एसटीडी कोडची यादी असते ती, आणि शेजारी देशांच्या कोडची. दोन्ही पुढ्यात ठेवून बघत गेले आणि हादरलेच.

आमच्या नाशिकचा ०२५३. +२५३ म्हणजे जिबूती. कोल्हापूर ०२३१, +२३१ लायबेरिया. सांगली ०२३३, +२३३ घाना. जळगाव ०२५७, +२५७ बुरुंडी. नगर ०२४१, +२४१ गॅबॉन. संभाजीनगर ०२४०, +२४० इक्वेटोरियल गिनी. रत्नागिरी ०२३५२, आणि +२३५ चाड. मुंबईचे कितीतरी जुने लँडलाइन ०२२-२ ने सुरू होतात, आणि +२२२ आहे मॉरिटानिया.

कारण तसं सरळ आहे. आपल्या एसटीडी योजनेत पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश, मराठवाडा हे सगळे ०२ मध्ये येतात, आणि जगाच्या योजनेत २ चा आकडा बहुतेक आफ्रिकेकडे आहे. विदर्भ ०७ मध्ये आहे, गोवा ०८३२, त्यामुळे तिकडे ही गल्लत होत नाही. पण आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसांना हे कोड तोंडपाठ आहेत. त्यांची नजर शून्याकडे किंवा अधिकच्या खुणेकडे जात नाही, ओळखीच्या आकड्यांकडे जाते. फसवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. आपली माणसं यात नेमकी कुठे अडकतात ते मात्र मला आज कळलं.

कृष्णाकाठ

गोदातीर, अंगावर काटा आला वाचून. आईला दाखवलं. "म्हणजे कोल्हापूर पण?" एवढंच म्हणाली.

ट्रंकलाइन काका, मनापासून आभार. सेकंद धावतात ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

योकोहामा

या प्रकाराचं जगभर चालणारं नाव जपानी आहे, वांगिरी. 'वान' म्हणजे इंग्रजीतला वन, आणि 'किरी' म्हणजे तोडणं. एक रिंग आणि तोडलं. मी इथे जपानमध्ये पंधरा वर्षं आहे, ऑफिसातले जुने जपानी सहकारी त्या दिवसांच्या आठवणी सांगतात. इथे तेव्हा उलटा फोन केला की रेकॉर्ड केलेल्या जाहिराती ऐकू यायच्या आणि मागाहून पैशाची मागणी. २००२ च्या जुलैमध्ये ओसाका भागात असे कॉल एकदम इतके झाले की एक्स्चेंजवर ताण येऊन लोकांचे साधे फोनही लागेनात. त्याच वर्षी इथे कायदा बदलून असे कॉल करणं गुन्हा ठरवलं गेलं. पुढे हा धंदा देशाबाहेरच्या नंबरांवर गेला, आणि तिथे एका देशाचा कायदा पुरा पडत नाही.

एडिसनकर

गोदातीर ताईंनी +२२२ लिहिलंय, त्याचा इथला संदर्भ देतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, जाहीर इशारा दिला होता. न्यूयॉर्क आणि ॲरिझोनात लोकांना मध्यरात्री लागोपाठ एकेक रिंग येत होत्या, कोड मॉरिटानियाचा. वेळ बघा, तुमच्या आईंसारखीच, अपरात्रीची. झोपेतून उठलेला माणूस नंबर वाचत नाही, तो आधी घाबरतो.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक धोका आहे. कॅरिबियन बेटांचे बरेच देश आमच्याच +१ मध्ये येतात. ८७६ जमैका, ८०९ डॉमिनिकन रिपब्लिक, ४७३ ग्रेनाडा, २८४ ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. दिसायला नंबर अगदी घरचा, तीन आकडी एरिया कोड आणि पुढे सात आकडे. परदेशी कॉलसाठी आधी लावायचा ०११ लावावा लागत नाही, म्हणून परदेशी कॉल आहे हे लक्षातच येत नाही. तुमचा प्लॅन 'अनलिमिटेड' असला तरी ही बेटं त्यात असतीलच असं नाही. आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात तेव्हा त्यांच्या फोनवर परदेशी कॉल बंद करून घ्या, आणि इंडियाला बोलायला व्हॉट्सॲप द्या.

माणदेश

माझ्याकडे यावर एक मेसेज आलाय, सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सार लिहितो. +३७५, +३७१, +३८१ अशा नंबरवरून मिस्ड कॉल आला आणि उलटा फोन केला तर तीन सेकंदांत तुमचे सगळे कॉन्टॅक्ट आणि बँकेची माहिती कॉपी होते. तसंच कुणी #९० किंवा #०९ दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमचं सिम दुसऱ्याच्या ताब्यात जातं.

ट्रंकलाइन

माणदेश, तुम्ही चांगल्या हेतूने टाकलंय, पण हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यातलं अर्धंच खरं आहे. ते कोड खरे आहेत, बेलारूस, लाटविया, सर्बिया. उलटा फोन करू नये हेही खरं. पण नुसता फोन लावल्याने कॉन्टॅक्ट किंवा बँकेची माहिती कॉपी होत नाही. आवाजाच्या कॉलमधून तसं काही ओढून घेता येत नाही. जातात ते कॉलचे पैसे.

#९० चं मूळ निराळं आहे. पूर्वी काही ऑफिसांतल्या पीबीएक्स बोर्डांवर, म्हणजे ऑफिसच्या आतले फोन जोडणाऱ्या यंत्रांवर, ९० आणि # दाबलं की बाहेरची लाइन समोरच्याला जोडून मिळायची आणि तो ऑफिसच्या खर्चाने बोलायचा. तुमच्या मोबाईलच्या सिमशी त्याचा काही संबंध नाही.

मी हे आवर्जून लिहितोय, कारण अशा मेसेजमुळे लोक भलत्याच गोष्टीला भितात. ज्याने चुकून फोन लावला तो रात्रभर बँकेच्या चिंतेत जागतो, आणि जो भीत नाही तो सगळंच खोटं मानून सोडून देतो.

वाशिष्ठी

सिम ताब्यात जाण्याचं निघालंच आहे म्हणून लिहिते. खरी भीती *४०१* ची आहे. कुरियरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कुणी तुम्हाला *४०१* आणि पुढे एक नंबर, शेवटी # असं लावायला सांगतो. ते लावलं की तुमचे येणारे कॉल त्याच्याकडे वळतात, फोनवर सांगितले जाणारे ओटीपीसुद्धा. याच कारणासाठी दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड लावून कॉल वळवायची सोय बंद करायला लावली. तरी कुणाला शंका असेल तर ##००२# लावा, वळवलेलं सगळं रद्द होतं. आमच्या शेजारच्या आजोबांच्या फोनवर मी स्वतः लावून दिलंय.

भीमथडी

मला यात सगळ्यात जास्त हे लागलं की हा फसवणुकीचा प्रकार आपल्या चांगल्या सवयीवर उभा आहे. मिस्ड कॉल आला की उलटा फोन करायचा, हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. २००३ च्या मे महिन्यापर्यंत मोबाईलवर येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. ते बंद झाले, पण खिशातल्या पैशांची ओढाताण होतीच. मग एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'खाली ये'. आमच्या वस्तीवर मोटार चालू करायची असली की लाइट आल्याबरोबर चुलता मिस्ड कॉल द्यायचा. २०११ ला अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉलनेच पाठिंबा दिला. ज्याच्याकडे बॅलन्स नाही त्याला आपण फोन करायचा, हा माणुसकीचा भाग होता.

माझी आई अजून अनोळखी मिस्ड कॉलला उलटा फोन करते. म्हणते, कुणी अडचणीत असेल. तिला 'करूच नको' सांगणं मला जड जातं. मी एवढंच सांगितलंय की पहिल्यांदा +९१ बघ, आणि पुढे दहा आकडे. आपल्या मोबाईलचा नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. तसा असेल तर कर.

मुळाकाठ

प्रीपेड वाल्यांसाठी थोडं. परदेशी मिस्ड कॉलच्या तक्रारी आपल्याकडे इतक्या झाल्या होत्या की २०१२ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं, प्रीपेड ग्राहकाने स्वतःहून मागितल्याशिवाय आयएसडी चालू ठेवायचं नाही. शिवाय हल्लीच्या अनलिमिटेड रिचार्जमध्ये फक्त देशातले कॉल येतात, आयएसडी मेन बॅलन्समधून कापलं जातं, आणि तो बहुतेकांचा शून्यच असतो. त्यामुळे त्यांचा कॉल लागतच नाही. खरा धोका आहे तो पोस्टपेडवर आयएसडी घेतलेल्यांना, आणि ते कोण, तर ज्यांची मुलं बाहेर आहेत ते आईबाप. शिवाय दुकानातले, ऑफिसातले लँडलाइन.

मी तर म्हणतो परदेशातून येणारे सगळेच कॉल ब्लॉक करून टाकावेत. कटकटच नको.

लेक_मेलबर्नला

नाही हो, असं सरसकट सांगू नका. माझी लेक बाळंतपणात होती तेव्हा तिच्या हॉस्पिटलमधून आलेला फोन मी उचलला म्हणून मला वेळेवर कळलं. व्हॉट्सॲपवर जावई सापडत नव्हते. परदेशातून आलेला फोन उचलायला आपल्याला इथे पैसे पडत नाहीत. पडतात ते उलटा लावायला, किंवा आपण स्वतः परदेशात रोमिंगवर असलो तर.

मुळाकाठ

तुमचं म्हणणं पटलं. घाईत लिहिलं मी. येणारे आणि जाणारे असा फरक करायला हवा होता.

ट्रंकलाइन

बरोबर, आणि तो फरक करता येतो. कंपनीला सांगताना 'आयएसडी आउटगोइंग बंद करा' असं स्पष्ट सांगा. मग तुम्ही लावलेला परदेशी कॉल जात नाही, पण मुलांचा, हॉस्पिटलचा, कुणाचाही बाहेरून येणारा कॉल पूर्वीसारखाच येतो. बंद झालं की नाही ते मुलाच्या नंबरवर स्वतः लावून तपासा. लागला नाही म्हणजे काम झालं. बऱ्याच लोकांना वाटतं की आयएसडी बंद केलं तर पोरांचे फोन यायचे बंद होतील, म्हणून ते वर्षानुवर्षं चालू ठेवतात आणि वापर मात्र व्हॉट्सॲपचा करतात.

थेम्सकाठ

लंडनहून. इथे प्लस बघूनही भागत नाही, कारण महागडे नंबर देशातलेच असतात. ०७ म्हणजे मोबाईल हे सगळ्यांना माहीत, पण ०७० हा मोबाईल नाही. तो वेगळ्या सेवेचा नंबर आहे आणि पूर्वी त्याला मोबाईलच्या कितीतरी पट आकार लागायचा. मिस्ड कॉल देऊन त्याचा फार गैरवापर झाला. शेवटी इथल्या नियामकाने, ऑफकॉमने, ऑक्टोबर २०१९ पासून त्याच्या आतल्या, म्हणजे कंपन्यांनी एकमेकींना द्यायच्या दरावर मर्यादा घातली. ०९ चे नंबर मात्र अजून मिनिटाला ३.६० पौंडांपर्यंत आकारू शकतात, वर तुमच्या कंपनीचा आकार वेगळा. नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी घर शोधताना हे लक्षात ठेवावं. घरमालकाचा म्हणून दिलेला नंबर ०७० चा निघाला तर मी तरी तिथे फोन लावणार नाही.

वाशिष्ठी

तक्रारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. संचार साथी या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, मार्च २०२४ पासून. संशयास्पद कॉल, मेसेज तिथे कळवता येतात, ॲपवरूनही. बँकेतून पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० लावायचा, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. नुसता उलटा कॉल गेला असेल तर पहिलं काम आपल्या कंपनीला लेखी कळवायचं. तोंडी नाही, तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जायचं. कृष्णाकाठ, तुम्ही गेलात का अपिलात?

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, मावशीला घरी आणलं त्यात आठवडा गेला. ती आता बरी आहे.

वाशिष्ठी, अपील केलं. पहिल्या दोन कॉलमध्ये नुसती रिंग होती हेही त्यात लिहिलं, काकांनी सांगितलेल्या भाषेत. उत्तर यायचंय. आलं की इथे टाकेन, जे काही असेल ते.

आईचं आयएसडी आउटगोइंग बंद करून घेतलं. तपासायला भावाच्या नंबरवर लावून बघितलं, लागला नाही. आणि संध्याकाळी त्याचा दोह्याहून साधा फोन आला तो व्यवस्थित आला. आईला तेच हवं होतं. मावशीचा, मावसभावाचा आणि दवाखान्याचा नंबर नाव घालून साठवले, पडद्यावरची अक्षरं मोठी केली. चष्म्याला दोरी लावली.

परवा रात्री साडेतीनला पुन्हा एक रिंग आली. मी उठून गेले तर आई दिवा लावून, चष्मा घालून, फोन हातात धरून बसली होती. फोन लावला नव्हता. माझ्यापुढे धरला आणि बोटाने अधिकची खूण दाखवली. +२३१. "हा कोल्हापूरचा नाही," म्हणाली. सकाळी आम्ही दोघींनी मिळून तो चक्षूवर कळवला. माहिती तिने स्वतः भरली, मी फक्त शेजारी बसले होते.